नऊ मतांनी पडलेली बायको

...नऊ मतांनी हो! नव्वद नाही, नऊशे नाही, नऊ! अहो, आमच्याकडे सत्यनारायण असला की नऊ माणसं तर नुसती दारात चपला शोधत असतात! तुम्हाला सांगतो, दोन हजार चारचा मे महिना, हर्नडनच्या पलीकडचं आमचं एवढंसं टाउन, आणि आमची शुभा कौन्सिलला उभी. कशासाठी? तर शाळेसमोर फुटपाथ नाही, पोरं गाड्यांच्या मधून चालतात, म्हणून. चार महिने दारोदार हिंडली बिचारी, पायाला फोड आले! टाउनात सिटिझन झालेली आपली मराठी माणसं एकेचाळीस. मतदानाला आली किती? सहा! त्यात आम्ही दोघं!

दुसऱ्या दिवशी एकेकाला फोन लावला. केदार म्हणतो, "यार प्रल्हाद, ऑफिसात सॉफ्टवेअरचं रिलीज होतं रे, पार वाट लागली होती." विनीतावहिनी म्हणाल्या, "अय्या, काल होतं? मला वाटलं इलेक्शन नोव्हेंबरातच असतं!" नागपूरचा संजीव तर माझ्यावरच उखडला, "अरे भाऊ, मे महिन्यात कोणी इलेक्शन ठेवते का?" आणि आमची रुचा, वय वर्षं अकरा, दुधातलं सिरियल खाता खाता, "बाबा, नोबडी व्होट्स इन मे!"

झालं! माझी ट्यूब पेटली. दोष कुणाचा? तारखेचा!

शुभा म्हणाली, "अरे, दहा मतं कमी पडली. पुढच्या वेळी दहा जणांना गाडीत घालून आण की! तारीख कशाला बदलतोस?"

आता हिला काय सांगणार? वीस वर्षं कंपनीच्या क्वालिटी डिपार्टमेंटात काढलीत मी. माणसं ढकलायची नसतात, सिस्टिम सुधारायची असते! मग काय, दीड वर्ष दर शनिवारी इंडियन ग्रोसरीच्या दारात क्लिपबोर्ड घेऊन उभा. साडेतीनशे सह्या जमवल्या... त्यातल्या तीनशे एच-वनवाल्यांच्या निघाल्या, म्हणजे ज्यांना मतच नाही त्यांच्या, ते सोडा! कौन्सिलपुढे तीन मिनिटं भाषण ठोकलं. मे महिना हा लोकशाहीचा शत्रू आहे म्हटलं! दोष कुणाचा? तारखेचा!

आणि सगळ्यात आधी उठून टाळ्या कुणी वाजवल्या असतील? मिस्टर डॉसननं! शुभाला पाडणारा तोच. हार्डवेअरचं दुकान, त्यात तीस वर्षं अर्ध्या टाउनला बेसबॉल शिकवलेला. मला मिठी मारून म्हणाला, "प्रालाड, व्हॉट अ वंडरफुल आयडिया!" मी घरी येऊन शुभाला म्हटलं, बघ, काय दिलदार माणूस आहे! तिनं भांडी जरा जोरात लावली.

बदलली हो तारीख! दोन हजार सहाचा नोव्हेंबर, अख्ख्या देशाच्या इलेक्शनबरोबरच. काय ती रांग! शाळेतल्या मतदान केंद्रातून निघून, फुटपाथ नसल्यामुळे, थेट रस्त्यावर! आपली एकेचाळीसच्या एकेचाळीस माणसं हजर, केदार तर लॅपटॉप उघडा धरून रांगेत. मला नाचावंसं वाटत होतं!

शुभा हळूच म्हणाली, "प्रल्हाद, आपली माणसं सोडून ह्या रांगेतल्या किती जणांना ओळखतोस?"

"एकही नाही!" मी खुशीत.

"आणि डॉसनला किती जण ओळखतात?"

बघतो तर काय... अख्खी रांग त्याला "हाय, कोच! हाय, कोच!" करतेय!

तीन हजार एकशे बारा मतांनी पडली. रात्री नुसती सोफ्यावर बसून होती. मला म्हणाली, "मला जिंकायचं होतं रे." दोष कुणाचा म्हणून विचारायची माझी हिंमत झाली नाही.

आणि कहर म्हणजे पुढच्या महिन्यात टाउननं माझा सत्कार केला. मतदान सहापट वाढवल्याबद्दल प्रशस्तिपत्र! खाली सही डॉसनची. शुभानं ते छान फ्रेम केलं आणि लावलं कुठे, तर खालच्या बाथरूममध्ये, बसलं की बरोबर डोळ्यांसमोर. रोज सकाळी वाचतो. काय करणार? तिथे दुसरं बघण्यासारखं आहे काय!