शेवटच्या आठ कॅप्सूल

नात: तुम्ही खोटं बोललात.

आजोबा: हळू बोल. सिस्टर अजून पलीकडच्या पलंगापर्यंतही पोचली नसेल.

नात: त्यांनी सरळ विचारलं होतं, "आजोबा, चिठ्ठीतल्या गोळ्यांखेरीज आणखी काही घेता का? काढा, चूर्ण, झाडपाल्याचं काही?" आणि तुम्ही म्हणालात, "छे!"

आजोबा: हळद काय औषध आहे? स्वयंपाकघरात डब्यात असते ती.

नात: डब्यातली हळद नाही घेत तुम्ही. अर्क घेता. बाटलीवर लिहिलंय, "अर्क". आणि कॅप्सूल मी भरते.

आजोबा: बस इथं. उजवीकडे नको गं बाई, तो गुडघा तासाभरात कापायचाय, निदान तोवर तरी धड राहू दे.

नात: मला हसू येत नाहीये. मीसुद्धा गप्प बसले.

आजोबा: हे बघ, या तारखेसाठी पाच महिने थांबलोय मी. पाच महिने एक-एक पायरी मोजत जिना चढलोय. तुझ्या आईनं रजा टाकलीय, खाली रांगेत उभी राहून फॉर्म भरतेय. आत्ता मी "हळद" म्हटलं, की सिस्टर डॉक्टरांना सांगणार, डॉक्टर मान हलवणार आणि म्हणणार, "पुढच्या वेळी बघू." पुढची वेळ म्हणजे केव्हा, ठाऊक आहे?

नात: केव्हा?

आजोबा: ते त्यांनाही ठाऊक नसतं. आणि आपलं काय ठरलं होतं? प्रयोग संपेपर्यंत कुणाला सांगायचं नाही.

नात: आईला सांगायचं नाही, असं ठरलं होतं. सिस्टरांचं काही ठरलं नव्हतं.

आजोबा: वकील हो तू. शाळा सोड आणि वकील हो.

नात: आजोबा, मला भीती वाटतेय.

आजोबा: भीती वाटली की काय करायचं? जे माहीत आहे ते आधी ओळीनं मांडायचं. सांग बघू, हळदीतलं पिवळं सत्त्व पोटात गेलं की त्याचं काय होतं?

नात: आत्ता नका ना शिकवू.

आजोबा: सांग तर. तुझं तुलाच पटेल, घाबरण्यासारखं काही नाही.

नात: ते सूज उतरवतं. पण पाण्यात विरघळत नाही, म्हणून तुम्ही चमचाभर तेलाबरोबर घेता. तरीही आतड्याच्या भिंतीतून थोडंसंच आत शिरतं. आणि जेवढं शिरतं त्याला भिंतीतले कामगार, म्हणजे विकरं, लगेच एक शेपूट चिकटवतात. त्यातून सुटलं तर पुढे यकृतातले कामगार चिकटवतात. शेपूट लागलं की ते पाण्यात विरघळतं आणि शरीराबाहेर जातं.

आजोबा: शाब्बास. म्हणजे रक्तात किती पोचलं?

नात: जवळजवळ काहीच नाही.

आजोबा: मग जे पोचतच नाही, ते सिस्टरला सांगून तिचा फॉर्म कशाला खराब करायचा?

नात: आणि मिरं असलं तर?

आजोबा: तर मिऱ्यातलं तिखट सत्त्व कामगारांचे हात धरून ठेवतं. काही तास. तेवढ्यात हळद आत निसटते. तेच तर बघायचं होतं आपल्याला. चाळीस दिवस, चाळीस कॅप्सूल. वीसमध्ये नुसता अर्क, वीसमध्ये अर्क आणि मिरं. कुठली कसली हे फक्त तुला माहीत, कारण...

नात: कारण तुम्हाला कळलं असतं तर मिऱ्याच्या दिवशी गुडघा आपोआप बरा वाटला असता. आजोबा, ते कामगार फक्त हळदीलाच शेपूट लावतात?

आजोबा: छे. बाहेरून जे जे येईल त्याला. त्यांना कुठं माहीत कोण...

नात: काय झालं?

आजोबा: काही नाही. बोल.

नात: तुमची ती रक्त पातळ ठेवायची गोळी आहे ना, हृदयासाठीची. ती शरीरातून कोण बाहेर काढतं?

आजोबा: हेच कामगार नाहीत. दुसरी तुकडी आहे.

नात: कुठली? यकृतातलीच?

आजोबा: यकृतातलीच.

नात: मग मिरं त्यांचे हात नाही धरत?

आजोबा: ...धरू शकतं. मिरं काही ओळखपाळख बघून हात धरत नाही.

नात: मग गोळी रक्तात जास्त दिवस राहील.

आजोबा: थांब, उड्या मारू नकोस. ती गोळी मी पाच दिवसांपूर्वी बंद केलीय, डॉक्टरांनीच सांगितलं होतं. त्याआधी रक्त तपासलं, ते ठीक होतं. आजपासून मागे नऊ दिवस झाले त्याला. आता मुद्दा एवढाच, त्यानंतर माझ्या पोटात मिरं गेलं का? कुठल्या दिवशी कुठली कॅप्सूल, ती यादी आणलीयस?

नात: दप्तरात आहे.

आजोबा: प्रयोग अर्धवट सोडून यादी बघू नये. पण बघ. शेवटचे आठ दिवस. बत्तीस ते एकोणचाळीस. साध्या असल्या म्हणजे झालं.

नात: यादीत साध्याच आहेत.

आजोबा: झालं तर मग! उगीच जीव टांगणीला लावलास म्हाताऱ्याचा.

नात: यादीत साध्या आहेत, आजोबा. कॅप्सूलमध्ये नाहीत.

आजोबा: म्हणजे?

नात: रक्त तपासून आलात त्या दिवशी तुम्ही न्हाणीघरात टॉवेल तोंडात धरून रडत होतात. मी दाराबाहेर होते. मग मी उरलेल्या सगळ्या कॅप्सूल उघडल्या आणि मिरं घातलं. आधी घालायचे त्याच्या दुप्पट.

आजोबा: दुप्पट.

नात: मला माहितीय, प्रयोग बिघडला. मी यादीत खाडाखोड करणार होते, पण मग तुम्हाला कळलं असतं. आणि त्यानंतर तुम्ही म्हणालात, "काय गं, या आठवड्यात गुडघा बरा आहे." मला इतकं बरं वाटलं.

आजोबा: रडू नकोस. डोळे पूस. नाक पण.

नात: आज सकाळी तुम्ही दात घासत होतात तेव्हा बेसिनमध्ये लाल होतं. मी बघितलं. तुम्ही नळ सोडलात.

आजोबा: ब्रश नवा आहे.

नात: खरंच?

आजोबा: ...नाही. जुनाच आहे.

सिस्टर: चला आजोबा, खालून बोलावणं आलं! स्ट्रेचर दारात आहे. ही नात ना तुमची? रडतेय कशाला? अगं, आजोबा उद्या चालतील, परवा पळतील. तुलाच धावावं लागेल मागे. आजोबा, एक सही राहिलीय तेवढी करून टाका. पेन आहे का? हे घ्या.

आजोबा: कुठं करायची?

सिस्टर: खाली, फुली केलीय तिथं. वर सगळं मी भरलंय. वय, वजन, गोळ्या, बाकी काही नाही.

नात: आजोबा.

आजोबा: वाचतोय मी. सही करण्याआधी वाचावं माणसानं.

सिस्टर: वाचा, पण भरभर वाचा. डॉक्टर हात धुऊन उभे आहेत.

आजोबा: सिस्टर, इथं एक "नाही" लिहिलंय तुम्ही. मीच सांगितलं होतं तसं. ते खोडा.

सिस्टर: काय खोडू?

आजोबा: गेले एकोणचाळीस दिवस मी हळदीचा अर्क घेतोय. कालपर्यंत. त्यातल्या शेवटच्या आठ दिवसांत मिऱ्याच्या पुडीबरोबर. बरीच पूड. आणि त्यातले पहिले तीन दिवस रक्त पातळ करायची गोळीही चालूच होती. आज सकाळी हिरड्यांतून रक्त आलंय.

सिस्टर: अहो, मघाशी दोनदा विचारलं मी तुम्हाला! एकदा नाही, दोनदा!

आजोबा: दोनदा विचारलंत.

सिस्टर: आणि शिकलेली माणसं तुम्ही!

आजोबा: शिकल्यामुळेच झालं हो. बिनशिकलेल्यानं नुसती हळद खाल्ली असती, ती काही न करता निघून गेली असती. मिरं घालायची अक्कल माझीच.

नात: मिरं मी घातलं, सिस्टर. दुप्पट मी घातलं.

सिस्टर: किती? नीट आठवून सांग. घाबरू नकोस. चमच्यानं घातलंस की चिमटीनं?

नात: मिठाच्या डबीतला इवलासा चमचा असतो ना, त्यानं. सपाट भरून. आधी एक घालायचे, नंतर दोन. रोज एक कॅप्सूल. ही यादी, पण शेवटच्या आठ ओळी खोट्या आहेत.

सिस्टर: दे इकडे. आजोबा, हात पुढे करा, रक्त घेते. मूठ आवळा. स्ट्रेचरवाले दादा, थांबा जरा, पेशंट आत्ता येत नाही. मी डॉक्टरांना फोन करते.

(सिस्टर रक्ताची नळी घेऊन जाते. परत येते तेव्हा जवळजवळ पाऊण तास झालेला असतो.)

सिस्टर: रिपोर्ट आला.

आजोबा: बोला.

सिस्टर: रक्त गोठायला नेहमीच्या जवळजवळ तिप्पट वेळ लागतोय. डॉक्टर म्हणाले, गोळी बंद करून पाच दिवस झाल्यावर असं व्हायला नको होतं. कारण मिरंच आहे की आणखी काही, ते बघतील. आज ऑपरेशन नाही. दोन दिवस इथंच राहायचं, रक्त रोज तपासणार. बाटली आणि ती मिऱ्याची डबी घरून आणायला सांगा.

आजोबा: आणि आज ऑपरेशन झालंच असतं तर?

सिस्टर: लहान मुलीसमोर कशाला विचारता?

आजोबा: हिला कळू दे. प्रश्न हिनंच काढलाय.

सिस्टर: गुडघा म्हणजे हाड कापायचं, आजोबा. रक्त थांबवता थांबवता आमची दमछाक झाली असती. थांबलं असतंच असं नाही सांगता येत. बस, आणखी विचारू नका. मुलीला पाणी द्या, तोंड बघा तिचं कसं झालंय.

नात: पुढची तारीख?

सिस्टर: ती मी कशी सांगू बाळा? ऑफिसात विचारावं लागेल. चला, मी दुसऱ्या पेशंटला खाली पाठवते.

नात: गेल्या. आजोबा, आई आता वर येईल.

आजोबा: येईल.

नात: खूप चिडेल.

आजोबा: चिडायलाच हवं. आधी मी बोलेन. माझ्या वाट्याचं मी सांगणार, सगळं. तुझ्या वाट्याचं तू. एकमेकांची बाजू सावरायची नाही.

नात: मी काय सांगू?

आजोबा: जे सिस्टरांना सांगितलंस तेच. किती चमचे आणि का.

नात: ते टॉवेलचं पण?

आजोबा: ...ते पण.

नात: खूप दुखतंय का आत्ता?

आजोबा: हो. खूप दुखतंय.