बटण कुणी दाबलं?

गॅरेजच्या बाकावर माझ्या शेजारी बाप-लेक होते. बापाचा हात प्लास्टरमध्ये. लेक सारखी उठत होती, बसत होती. मेस्त्री हात पुसत आला.

"ताई, गाडी तयार आहे. पण घसरली कशी?"

"ओल्या वळणावर जरा जोरात रेटली. मागची बाजू फिरली ती थेट कठड्यावर. मीच चालवत होते."

"चारही चाकांना ताकद जाते ना हिच्या? मग घसरावी कशाला?" बापाने विचारलं.

"काका, त्याने गाडी झटकन निघते. वळणावर पकड शेवटी टायरचीच. चाक सुटायला लागलं की ताकद आवरायची, हे काम ट्रॅक्शन कंट्रोलचं. आणि ते बंद होतं, गाडीच्या नोंदीत दिसलं."

"बिघडलं होतं?" लेकीने विचारलं.

"छे. बटण पाच सेकंद दाबून धरल्याशिवाय ते बंद होत नाही."

"मी नाही हो दाबलं! मला ते बटण कुठंय तेसुद्धा माहीत नाही."

"बस गं, बाळा."

"कशी बसू, बाबा? तुमचा हात मोडला माझ्यामुळे. मी आता स्टिअरिंगला हात लावणार नाही."

"अगं, तुला गाडी देण्याआधी मीच दाबलं होतं. त्याशिवाय मजा येत नाही म्हणून. परत चालू करायचं राहिलं."

"आणि तीन आठवडे सांगायचंही राहिलं?"

"तू रोज रडायचीस. मला तोंड उघडायचा धीरच होईना."

"मेस्त्री, चावी माझ्याकडे द्या. बाबा, तुम्ही मागे बसा."

"स्पोर्ट्स गाडी आहे, मागची सीट नावालाच. माणूस मावत नाही गं."

"अंग चोरून बसा."