हरतो कोण, प्रणय की संघ?

हॅलो?… हो, सत्यभामाच बोलते आहे. बोल मेघा.

कुणाला नको म्हणून कळवू?… कन्नडहून येणाऱ्या मंडळींना? अगं, ती मंडळी थोड्याच वेळात तुमच्या दारात असतील. सुपारी फोडायला निघालेल्या माणसांना मी वाटेत फोन करून परत फिरवू?

हो, आत्या म्हणून तुझ्या लेकीला प्रणयचं स्थळ मी सुचवलं. हो… म्हणून नकारही मीच द्यायचा, हे मात्र कुठून निघालं?… बरं, कारण सांग.

परवाचा आपल्या क्लबचा बास्केटबॉलचा सामना. तो मीही पाहिला, मेघा, तुझ्याच शेजारी बसून… हो, हरलो. उपांत्य फेरीत हरलो… सलग तिसऱ्या वर्षी, मान्य. पण त्याचा अपेक्षाच्या लग्नाशी संबंध काय?

थांब. सावकाश सांग. आमचा सर्जेराव काय म्हणतो?… ऐन वेळी कच खाणारा मुलगा संसार काय करणार. आणि तुला काय वाटतं?… पायगुण.

हे बघ, त्याच पायांनी त्याने साखळीतले सगळे सामने जिंकून दिले. मग गुण उपांत्य फेरीच्या दिवशीच उतरतो का?… नाही, मी थट्टा करत नाही, विचारते आहे. तिन्ही वर्षं संघात बद्रीनाथही होता. तोही तिन्ही वेळा हरला. त्याचं लग्न गेल्या मे महिन्यात झालं आणि तू तिथे दोनदा जिलबी घेतलीस.

हो, हो… शेवटी नेम चुकला. मी पाहिला. पण शेवटी चेंडू कुणाकडे देतात?… त्याच्याचकडे. बाकीचे चौघे हातात निखारा असल्यासारखा त्याच्याकडे फेकतात. ज्याच्या हाती चेंडू येतच नाही, त्याचा नेम कसा चुकेल?… अगं ऐक ना. तुमच्या घरी स्वयंपाक तू एकटी करतेस. भाजी खारट झाली, तर ती तुझीच होते. सर्जेरावच्या हातून आजवर एकही भाजी बिघडलेली नाही. म्हणून तो उत्तम स्वयंपाकी ठरतो का?

हस, हस. अपेक्षा काय करते आहे?… दार लावून बसली. जेवली?… मग हसण्यासारखं नाही हे.

मला एक सांग. मध्यंतरापर्यंत आपण पुढे होतो ना?… चांगलेच पुढे. गेल्या वर्षी?… आठव… तेव्हाही पुढे. आणि मध्यंतरानंतर दोन्ही वेळा पाय जड. मग मध्यंतरात काय घडतं?

चहा नव्हे. मैदानावर काय घडतं?… सत्कार. बरोबर. करमाडचे माजी सरपंच, मांडववाले, खुर्च्या देणारे, झालंच तर चिकलठाण्याचे दोन कारखानदार. शाल, श्रीफळ, फेटा, वर अध्यक्षांचं भाषण. प्रत्येकाच्या फोटोत शेजारी कोण उभा?… कर्णधार म्हणून प्रणय. घामाने भिजलेला, हातात दुसऱ्याचा नारळ धरून. आणि समोरचा संघ तेवढ्या वेळात काय करत होता?… मी सांगते, पळत होता. त्यांना अंग गरम ठेवायला मोकळा वेळ मिळाला, कारण पाहुणे आपले होते.

साखळी सामन्यांना सत्कार असतो का?… का नसतो?… पाहुणेच येत नाहीत. आणि ते सामने आपण जिंकतो.

नाही, सिद्ध झालं असं मी म्हणत नाही. तीन सामन्यांवरून काहीही सिद्ध होत नाही. पण प्रणयवरचा आरोपही त्याच तीन सामन्यांवर उभा आहे. त्याला दोषी धरायचं, तर सत्काराला आधी धरावं लागेल. आणि सत्कार ठरवतो कोण?… क्लबचा अध्यक्ष. त्याचं नाव तू घेऊ नकोस, मी घेते. सर्जेराव…

कोण? सर्जेराव?… फोन स्पीकरवर होता, हे मला आत्ता कळतं आहे. बरं झालं, पुन्हा सांगावं लागणार नाही.

नाही रे, तुझी चूक म्हटलेलं नाही. तू सत्कार ठेवलास, भाषण केलंस, एवढंच म्हटलं… पाहुण्यांना मान द्यावाच लागतो, कबूल. सामना संपल्यावर द्या… तोवर ते थांबत नाहीत? मग ते सामना पाहायला येतात की शाल न्यायला?

असं आजवर कुणीच म्हणालं नाही, असं म्हणतोस?… कुणीच नाही? खेळाडूंपैकीसुद्धा?… एक जण म्हणाला होता?

कोण म्हणालं होतं?… प्रणय. कधी?… गेल्या वर्षी. काय शब्द होते त्याचे?… 'काका, सत्कार नंतर घ्या, पोरांचं अंग गार पडतं.' एवढंच?… चार लोकांत म्हणाला. आणि तुला तो लई उद्धट वाटला.

सर्जेराव, मला सरळ उत्तर दे. स्थळ नको आहे ते तो हरतो म्हणून, की त्याने तुला तोंडावर सांगितलं म्हणून?… विचार कर.

हं… तोंडावर सांगितलं म्हणून. अरे, सगळा क्लब तुझ्या भाषणाला टाळ्या वाजवून हरत राहिला. एकट्याला तुझ्यापुढे खरं बोलावंसं वाटलं. उद्या अपेक्षाला काही कमी पडलं, तर असा मुलगा लपवणार नाही. जावई निवडताना तू आणखी काय तपासणार आहेस?

बरं… बरं. 'बघतो' नको, हो किंवा नाही… ऐकू आलं नाही… हो. हे मेघाला सांगू नकोस, आधी अपेक्षाच्या दाराशी जाऊन सांग.

मेघा, उघडलं तिने दार?… रडते आहे? रडू दे, ते चालेल.

बेल वाजली ना? जीपने आले वाटतं. जा, दार उघड… सर्जेराव कुठे गेला?… कपाटाकडे?… किती शाली काढल्या?… सगळ्यांसाठी? हरकत नाही, त्याचा होकार असाच दिसायचा. पण मंडळी घाट उतरून आली आहेत, त्यांना आधी बसायला सांग. पाणी दे…

काय, सुरुवात केली? दारातच?… 'आजच्या या मंगल प्रसंगी' इथपर्यंत आला?… मेघा, त्याला थांबवायला जाऊ नकोस, उपयोग नाही. तू खुर्च्या पुढे सरकव. आणि प्रणयला हळूच सांग, आत्या म्हणाली, बसून घे… ठेवते.