चौकावरचा तांदूळ

भगवान : नाय म्हणजे? बाय, तू माझी सख्खी बहीण! उद्या हळद हाय, अख्ख्या तालुक्यात पत्रिका वाटून झाल्या. आता नाय म्हणतेस?

सोनाबाई : आधी चपला काढ. ओटी सारवलीय.

भगवान : काढल्या. बोल आता.

सोनाबाई : बोलले ना. गावातल्या पोरींची लग्नं माझ्या धवल्यावर, माझ्या गान्यावर लागली. तुझ्या नीताचं लावनार नाय. दुसरी धवलारीन शोध.

भगवान : दुसरी कोण येते? सगळ्यांनी दारं लावलीत. आणि नवऱ्याकडची करंज्याची माणसं धवल्याशिवाय नवरीला तांदळाच्या चौकावर बसू देणार नाहीत. भटजी येईल नंतर मंगलाष्टकांना, पण आधी तुझा गळा लागतो. तुला ठाऊक हाय.

सोनाबाई : जमीन देताना तुला नव्हतं ठाऊक?

भगवान : झालं सुरू परत तेच!

सोनाबाई : तेच! गेल्या वर्षी शिमग्याला गावदेवीपुढं नारळावर पयला हात कोनाचा पडला? ‘खाडीकाठच्या खारातलं एक ढेकूळ बिल्डरला देनार नाय’, कोन वरडत होतं? समितीचा अध्यक्ष तू. डंपरापुढं आडवा पडलास तू. तुझ्यामागं आमी बायका पडलो, कडेवर पोरं घेऊन. शशिकलेच्या पाठीत काठी बसली, अजून तिला वाकून केर काढता येत नाय.

भगवान : तिच्या औषधाचं मी विचारलं होतं.

सोनाबाई : मोठे उपकार केलेस!

भगवान : अगं, प्रॅक्टिकल व्हायला लागतं. खारघरला जाऊन बघ, डोंगरापर्यंत आखून ठेवलंय. न्हावा शेव्याच्या रस्त्याला ट्रेलर संपत नाहीत. मुंबईची माणसं इथं राहायला येणारच. आपण चार खाचरं धरून कोणाला अडवणार होतो?

सोनाबाई : मंग तवाच सांगायचंस, अडवू नका म्हनून. तुझी लांबोडी, ते लांबट शेत, रस्त्याला लागून. ती होती तवर बिल्डरला आत जायला वाट नव्हती. तू दिलीस, आन एकेकाच्या दारात त्याची जीप उभी राहिली. आता बघ, बावीस बिल्डिंगींचं चित्र लावलंय हायवेवर. त्यात झाडं हायत, बदकं हायत, आमी कुठंच नाय.

भगवान : जमीन माझ्या नावावर होती. गावाला काय विचारायचं?

सोनाबाई : आन डंपर? ते पन तुझ्याच नावावर ना रं? मुरमाचं कंत्राट घेतलंस. ज्याच्याखाली मरायला निघालेलास त्याच्यावर पोरीचं नाव रंगवलंस, वर लिंबू-मिरची बांधलीस! तुझ्या मुरमानं उघाडी बुजली. पावसाचं पानी खाडीत जायची तेवढीच वाट होती. माझं भात उभ्या उभ्या कुजलं, गुलामा.

भगवान : बिल्डरची माणसं पाइप टाकून देणार आहेत.

सोनाबाई : कवा? मी मेल्यावर?

भगवान : मग काय करायला पाहिजे होतं मी? आपल्या बापासारखं गुडघाभर चिखलात मरायचं? खरं सांगू का तुला? मला कंटाळा आला होता त्या शेताचा! बांध फुटला की धावा, भरती आली की धावा. शिसारी आली होती.

सोनाबाई : हां. हे खरं बोललास. नारळावर हात ठेवायच्या आधी बोलला असतास, तर मी तुला दोन शिव्या देऊन गप बसले असते.

भगवान : बरं, मी वाईट. पोरीचा काय दोष? हे बघ, चौकाचा तांदूळसुद्धा घेऊन आलोय. हसनभाईच्या दुकानातला, एक नंबर माल.

सोनाबाई : बघू. ...पांढराफेक हाय हा.

भगवान : बासमती हाय बाय! वास घे.

सोनाबाई : शरम नाय वाटत? चौक नवरीच्या बापाच्या शेतातल्या तांदळाचा भरतात. आपल्या खारातला राता, लाल. त्याच्यावर पोरगी बसते, मंग मी तोंड उघडते. माझ्या लग्नाला आपल्या आबांनी कनगीतून काढून दिलेला. इसरलास?

भगवान : आता राता कुठून आणू? लांबोडीवर दोन पुरुष मुरूम पडलाय.

सोनाबाई : मी पन तेच इचारते. कुठून आनशील?

(नीता ओटीच्या पायरीशी येऊन उभी राहते.)

नीता : बाबा, तुमचा आवाज देवळापर्यंत येतोय. घरी चला.

भगवान : तू कशाला आलीस? उद्या हळद लागायची, आणि गावभर फिरतेस?

नीता : घरात बसून काय करू? जात्यावर हळद दळायला आई एकटी बसलीय. मांडवाला टहाळे आणायला कोणी आलं नाही. आत्या, मी तुला बोलवायला आलेले नाही. तू नाही आलीस तर मला राग येणार नाही, एवढंच सांगायचं होतं.

सोनाबाई : पोरी, माझं भांडन तुझ्याशी नाय गं.

नीता : माहीत आहे. कॉलेज बुडवून मीही बसले होते ना डंपरपुढे, तुझ्या शेजारी. आता त्याच्यावर माझं नाव आहे. तो समोरून आला की मी गल्लीत शिरते.

भगवान : ऐकलंस? बापाविरुद्ध पढवून ठेवलीय पोरीला!

नीता : कोणी पढवलं नाही, बाबा. मला दिसतं सगळं.

सोनाबाई : नीता, आत जा. कनगीच्या मागं मडकं हाय, त्यात रात्याचं भात हाय. बियान्याला राखलेलं. तेवढंच वाचलंय. काढ ते, कांडून घेऊ.

नीता : बियाणं? मग पेरशील काय?

सोनाबाई : त्या पान्यात काय पेरनार हाय? काढ. मी येते. शशिकलेला आन बाकीच्यांना हळद दळायला मीच घेऊन येते, बघू कोन नाय म्हनतं.

भगवान : बाय! मला खात्री होती. शेवटी रक्ताचं नातं...

सोनाबाई : थांब. धवल्यात नवरीच्या बापाचं नाव घ्यावं लागतं. तुझं घेनार नाय.

भगवान : काय? मी जिवंत असताना? करंज्याची माणसं काय समजतील, पोरीला बापच नाय?

सोनाबाई : त्यांना काय समजायचं ते समजू दे. माझ्या तोंडातून तुझं नाव निघनार नाय.

भगवान : मग त्या जागी कोणाचं नाव घेशील गं? सांग ना! कोणाचं?

नीता : लांबोडीचं घे, आत्या. तिचंच खाऊन वाढले मी.