शेजारच्या सीटवरचा ब्रेक

लायसन्सच्या नूतनीकरणासाठी डोळे तपासून घ्यायला बसलो होतो. मागच्या बाकावर एक वयस्क जोडपं वेगमर्यादेवरून बोलत होतं. मलाही मत होतं, पण माझी मतं मला घरी पोचल्यावरच सुचतात.

"लेकीच्या देशात ताशी एकशेतीसची मुभा. जावई गाडी हाणत होते, तेव्हा तू घोरत होतीस. इथे मी साठ गाठले की डोळे मिटतेस."

"अहो, तिकडच्या रस्त्यावर चिटपाखरू नसतं. इथे वळणावर शाळा आहे. रस्ता बघूनच पाटी लावतात."

"आणि चालवणारा बघून?"

"तो मी बघते. इतकी वर्षं शेजारी बसून ब्रेक दाबतेय."

"तिथे ब्रेक नसतो गं."

"म्हणून तर पाय दुखतात."

"आज नजरेत नापास झालो तर?"

"तर मी गाडी शिकते. ब्रेक तुम्ही दाबा."