वाटून खायचा डबा

"या गं चिमण्यांनो, पंगत मांडली!" आमच्या अंगणवाडीतल्या बाईंची ती जुनी हाक मला इथे आखातात, अल् घुब्राला जाणाऱ्या बसमध्ये आठवली. पुढच्या बाकावर नवरा-बायको लेकीच्या शाळेवरून भांडत होते.

"प्रितम, मदिनत भागातल्या बालवाडीत मोजकी मुलं, दोन टीचर. इंडियन स्कूलच्या केजीत नुसती गर्दी!"

"पण त्या बालवाडीत डबा वाटून खायला बंदी आहे, तृप्ती."

"अ‍ॅलर्जीसाठी रे! एवढ्यावरून नाही म्हणायचं?"

"हो. गर्दीत पोरं एकमेकांच्या डब्यात हात तरी घालतात."

"इंजिनिअर असून असलं कारण? खरं काय ते सांग."

"आई गावच्या अंगणवाडीत खिचडी शिजवायची. आमच्या वस्तीतल्या बाईच्या हातची म्हणून गावातली पोरं खात नव्हती. आई हटली नाही, रोज सगळ्यांची शिजवायची. शेवटी सगळी जेवली, एका पंगतीत. मी त्या पंगतीत बसलोय गं. लेकीलाही बसू दे."