माणसं कोरायची पाटी

आजच्या सभेचे अध्यक्ष, गावचे वडीलधारे हेटेपदादा; मानाच्या चटईवर बसलेले, वरच्या गावच्या सरदारांची नाव घेऊन नेहेबला न्यायला आलेले पाहुणे सेखूजी; सत्कारमूर्ती नेहेब, त्याच्या मातोश्री, आणि खजुरीच्या सावलीत दाटीवाटीनं बसलेल्या लेकी-सुनांनो!

मला बोलायला उभं केलं, कारण या गावात जित्यांचे आणि मेलेल्यांचेही डोळे मीच रंगवते. त्यासाठी हिरवा खडा वाटते तो नेहेबनं घडवलेल्या दगडी पाट्यांवर. कुणाची पाटी कासवाच्या घाटाची, कुणाची मेंढ्याच्या, कुणाची पाणघोड्याच्या. माणसाचा स्वभाव बघून तो जनावर ठरवतो. मला म्हणाला होता, "आत्या, तुम्हाला खरं तर मगरच शोभेल, पण एवढं तोंड कोरायला दगड कुठून आणू?" हसा, हसा! शेवटी मासा दिलान.

माणूस मात्र त्यानं पाटीवर कधी कोरला नाही. माणसाच्या अंगावर रंग कोण वाटणार? आता सरदारांना देवळात ठेवायला भलीमोठी पाटी हवी आहे, आणि तिच्यावर हवी आहेत त्यांनी लढाईत धरलेली माणसं. आपल्या गावाला केवढा हा मान!

ती माणसं कुठली? खालच्या वळणावरच्या गावची. माझी लेक इती तिथंच दिली होती. ती बघा, मागे बसलीय. तिचा नवरा खेनू सरदारांच्या कैदेत आहे. काल पाहुण्यांना जवाची दारू वाढताना मी विचारलं, "आमचे जावई कसे आहेत?" सेखूजी मोकळेपणानं म्हणाले, "मजेत आहेत, आजी! कारागिराला समोर बघून चेहरे कोरायचेत ना! पाटी पुरी होईस्तोवर खाऊपिऊ घालतोय. पुढं कशाला धान्य नासायचं?" खरं सांगितलंत, आभारी आहे.

तर नेहेब, बाळा, सगळ्यांनी तुझ्या चपळ हाताची वाखाणणी केली. मला ती रुचली नाही. घाईनं घासला की हा दगड थरातून सुटतो. माझा साधा मासा पुरा होईस्तोवर नदीचे दोन पूर, म्हणजे दोन वर्षं गेली, मग एवढ्या माणसांना किती लागतील? सेखूजी, आठ्या घालू नका. काम बिघडलं तर नाचक्की तुमच्याच धन्याची! खेनूचे केस कुरळे आहेत, बाळा. एकेक वळण सावकाश काढ. नाक बिघडलं तर दुसरा दगड माग. लाजू नकोस.

दादांनी बोलू दिलं, पाहुण्यांनी ऐकून घेतलं, सुनांनी एवढ्या भाकऱ्या भाजल्या. सर्वांची मी ऋणी आहे. बोलण्यात अधिकउणं झालं असेल तर पोटात घाला.

आणि नेहेबच्या आई, वहिनी, तुमची माफी वेगळी मागते. तुम्हाला आता दिसत नाही, तुमचे दिवसही थोडे उरलेत, हे मला ठाऊक आहे. नावेत बसणाऱ्याला सगळे म्हणतात, लवकर परत ये. माझ्या तोंडून ते निघत नाही.